दिवा विझल्यावर वाचावयाचे पुस्तक



आषाढातील एका रात्रीची गोष्ट आहे. तिला आता बरीच वर्षे लोटली. परंतु ती माझ्या स्मरणातून जात नाही. पाऊस सारखा कोसळत होता. रात्री नऊच्या सुमारास घाटमाथ्यावरील एका वाडीतून एक तरुण चिंब भिजून धर्मगुरुनिवासाच्या दारात उभा राहिला. "फादर, आमचे आजोबा अत्यवस्थ आहेत. आजीने तुम्हांला घेऊनच यायला सांगितले आहे," एवढेच तो बोलला. मी पवित्र तेल, ख्रिस्तशरीर आणि प्रार्थनेचे पुस्तक घेतले व त्याच्याबरोबर निघालो. शेवटचा एक कोस पायी चालावयाचा होता. ओढा ओलांडताना माझा पाय घसरला, खांद्यावरची पिशवी पाण्यात बुडाली आणि चष्म्याची एक काच फुटली. पवित्र वस्तू छातीशी होत्या, म्हणून सुरक्षित राहिल्या.

वाडीत वीज नव्हती. घरात एक चिमणी मिणमिणत होती. वृद्ध गृहस्थ घोंगडीवर निजले होते. दोन दिवसांपासून त्यांनी कोणाला ओळखले नव्हते. आजाऱ्यांच्या अभ्यंगाचा संस्कार मी त्यांना दिला. त्यातील मुख्य शब्द मला पाठ होते. त्यानंतर एखादे स्तोत्र म्हणावे, म्हणून मी पुस्तक उघडले. पाने एकमेकांना चिकटली होती. अक्षरे ओळखू येईनात. तेवढ्यात वाऱ्याच्या झोताने चिमणीही विझली.

मी मनाशी म्हणालो, मेंढपाळाचे स्तोत्र तर कोणालाही येते. मी सुरुवात केली. पहिले वचन झाले, दुसरे झाले आणि तिसऱ्यावर मी अडखळलो. पुढच्या ओळी मागे आल्या, मागच्या पुढे गेल्या आणि अखेरीस मी थांबलो. वाचकहो, त्या स्तोत्रावर सेमिनरीत मी परीक्षा दिली होती. त्याची रचना, त्यातील प्रतिमा, त्याच्या मूळ हिब्रू शब्दांचे अर्थ यांवर मी तासभर बोलू शकलो असतो. परंतु एका मरणोन्मुख माणसाच्या उशाशी बसून त्याच्याच भाषेत ती सहा वचने मला सलग म्हणता येईनात.

कोपऱ्यातून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "पुस्तक कशाला पाहिजे, फादर? तोंडपाठ हाय की."

आणि तिने स्तोत्र सुरू केले. या बाईला अक्षरओळख नव्हती. नोंदवहीत ती अंगठा उठवीत असे. परंतु अंधारात तिचा आवाज एखाद्या ओळखीच्या पाऊलवाटेवरून चालावे तसा न अडखळता चालला होता. तिसऱ्या-चौथ्या वचनाला मला आणखी एक आवाज ऐकू आला. तो त्या वृद्ध गृहस्थांचा होता. शब्द अस्पष्ट होते, मध्येच तुटत होते. पण क्रम चुकत नव्हता. शेवटचे वचन पतिपत्नींनी एकत्र पूर्ण केले. पहाटे त्यांनी शांतपणे देह ठेवला.

त्या रात्री परतताना मला लाज वाटली आणि आनंदही झाला. पुढे काही दिवसांनी मी त्या आजीला विचारले, "आजी, हे तुम्ही कधी शिकलात?" ती म्हणाली, "ल्हानपणी मास्तर यायचे, फादर. पाटी नव्हती, पुस्तक नव्हतं. ते म्हणायचे, मागनं आम्ही म्हणायचो. मग रोज तेर्साच्या मागनं एकदा, तांदूळ निवडताना एकदा. साठ वर्सं झाली. आता मी कुठं म्हणतोय? तेच माझ्याकडनं म्हणून घेतंय."

पवित्र शास्त्रातील वचने पाठ करणे आणि वारंवार म्हणून त्यांचे मनन करणे याविषयी आज मी जे लिहीत आहे, त्याचे निमित्त ती रात्र आहे.

पारवा, सिंह आणि गाय

मनन म्हटले की डोळे मिटून, पद्मासन घालून, गहन विचार करीत बसलेली एखादी विद्वान व्यक्ती आपल्या डोळ्यांसमोर येते. शेतात राबणाऱ्या, चुलीपुढे बसणाऱ्या माणसाला वाटते, हे आपले काम नव्हे. परंतु पवित्र शास्त्रातील मननाची कल्पना याहून पुष्कळ साधी आहे. पहिल्या स्तोत्रात परमेश्वराच्या नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करणाऱ्या माणसाला धन्य म्हटले आहे. यहोशवालाही त्याच्या कार्याच्या प्रारंभी हीच आज्ञा मिळाली. या दोन्ही ठिकाणी मूळ हिब्रू भाषेत जो शब्द आहे, त्याचा अर्थ हलक्या आवाजात पुटपुटणे असा होतो. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात तोच शब्द भक्ष्यावर गुरगुरणाऱ्या सिंहाला लावला आहे आणि पुढे घुमणाऱ्या पारव्यालाही लावला आहे.

आपल्या घराच्या वळचणीला पारवा बसतो. दुपारभर त्याचे तेच ते घुमणे चालू असते. त्याला घाई नसते, नावीन्याची हौस नसते. शास्त्रवचनाचे मनन म्हणजे असे घुमणे होय. म्हणजे मननाचा प्रारंभ मेंदूत होत नाही, ओठांवर होतो. ओठांवरून ते कानांत जाते, कानांतून स्मृतीत आणि स्मृतीतून, ईश्वराच्या कृपेने, हृदयात.

ख्रिस्तसभेच्या जुन्या आचार्यांनी यासाठी दुसरा एक दृष्टान्त योजला, तो तर आपल्या गोठ्यातलाच आहे. ते त्याला रवंथ म्हणत. गाय दिवसा रानात भराभर चरते. सायंकाळी गोठ्यात बसली म्हणजे तोच चारा पुन्हा तोंडात आणून सावकाश चघळते, आणि त्याचेच पुढे दूध होते. केवळ चरून दूध होत नाही. तद्वत रविवारी चर्चमध्ये वाचन ऐकणे म्हणजे चरणे होय. त्याचे रवंथ आठवडाभर घरी व्हावयाचे असते. बाराव्या शतकात दुसरे ग्विगो नावाचे एक मठाधिपती होऊन गेले. फ्रान्समधील ग्रांद शार्त्रूझ या मठाचे ते प्रमुख होते. त्यांनी वाचन, मनन, प्रार्थना आणि दर्शन अशा चार पायऱ्यांची एक शिडी सांगितली आहे. वाचनाने घास तोंडात येतो, मननाने तो चावला जातो, प्रार्थनेने त्याची चव मिळते आणि दर्शन म्हणजे प्रत्यक्ष ती गोडी, असे त्यांनी समजाविले. आपण पुष्कळ जण घास तोंडात घेतो आणि न चावताच उठतो.

ज्यांच्याजवळ पुस्तक नव्हते

आज थोडक्या पैशांत शुभवर्तमान मिळते. मोबाइलमध्ये तर संपूर्ण बायबल मावते. त्यामुळे पाठ कशाला करावयाचे, असा प्रश्न तरुण मुले विचारतात. त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ख्रिस्तसभेच्या इतिहासात बहुसंख्य भाविकांच्या हाती पुस्तक कधीच नव्हते. छपाईची कला युरोपात पंधराव्या शतकात आली. तोपर्यंत बायबलची एक हस्तलिखित प्रत तयार करणे हे फार वेळाचे व खर्चाचे काम होते. असे असूनही प्रभूचे वचन पिढ्यान्‌पिढ्या टिकले. कारण ते माणसांच्या मुखात होते.

इजिप्तच्या वाळवंटातील संत अंतोनी यांचे चरित्र संत अथनासियस यांनी चौथ्या शतकात लिहिले. अंतोनी चर्चमध्ये होणारी वाचने इतक्या लक्षपूर्वक ऐकत, की त्यांतील काहीही वाया जात नसे आणि त्यांची स्मृती हेच त्यांचे ग्रंथालय झाले होते, असे ते सांगतात. त्याच शतकात संत पाखोमियस यांनी मठांसाठी नियम केले. मठात येणाऱ्या प्रत्येकाने वाचावयास शिकावे आणि निदान नवा करार व स्तोत्रसंहिता मुखोद्गत करावी, असा त्यांचा दंडक होता. चटया व टोपल्या विणताना ते संन्यासी ही वचने पुटपुटत असत. त्यांतील पुष्कळ जण शेतकरी कुटुंबांतून आलेले होते.

पाचव्या शतकात संत जॉन कॅसियन यांनी या वाळवंटातील वडिलांचे संवाद लिहून ठेवले. त्यांत अब्बा इसाक नावाचे एक वृद्ध साधू एक अगदी सोपा मार्ग सांगतात. सत्तराव्या स्तोत्राचे पहिले वचन, ज्यात भक्त ईश्वराला मदतीसाठी त्वरेने येण्याची विनवणी करतो, ते एकच वचन सर्व प्रसंगी म्हणावे. भूक लागली असता, क्रोध आला असता, झोप येत नसता, काम यशस्वी झाले असता, तेच एक वचन. आजही ख्रिस्तसभेच्या दैनिक तासिका-प्रार्थनांचा प्रारंभ त्याच वचनाने होतो.

आपली जपमाळसुद्धा याच परंपरेतून आली आहे. मठातील संन्यासी दीडशे स्तोत्रे म्हणत. संत बेनेडिक्ट यांनी तर सहाव्या शतकात ती सर्व दर आठवड्यास पूर्ण व्हावीत असा नियम घालून दिला. ज्यांना वाचता येत नव्हते, ती साधी माणसे स्तोत्रांच्या जागी दीडशे वेळा प्रार्थना म्हणू लागली. त्यातूनच पंधरा दशकांची जपमाळ आकारास आली. तेव्हा आपली आजी जेव्हा तेर्स म्हणते, तेव्हा ती स्तोत्रसंहितेच्या उंबरठ्यावरच बसलेली असते.

आपल्या भाषेतील एक उदाहरण तर अभिमानाने सांगण्याजोगे आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले जेज्वित धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले. त्यांनी येथील लोकांची भाषा आत्मसात केली आणि तारणाचा सारा इतिहास मराठी ओव्यांत गुंफला. ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. फादर स्टीफन्स यांनी ओवीच का निवडली? जात्यावर दळताना आमच्या आयाबाया जे गात असत, ते ओवीच होते. ओवी कानावर पडली की जिभेवर बसते. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. परंतु भाविकांनी हाताने नकला केल्या, गाऊन व वाचून त्या जपल्या, आणि त्यांच्याच आधारे १९०७ साली मंगळूर येथे ग्रंथ पुन्हा छापला गेला. १९५६ साली पुण्यात त्याची देवनागरी आवृत्ती निघाली. कागद नाहीसा झाला. ज्यांना ओव्या प्रिय होत्या, त्यांनी ग्रंथ वाचविला.

तुरुंगातील तीनशे वचने

कोणी म्हणेल, या सर्व जुन्या काळच्या गोष्टी झाल्या. म्हणून एक अलीकडची घटना सांगतो.

फ्रान्सिस झेवियर न्गुएन व्हान थुआन हे व्हिएतनाममधील बिशप. १९७५ च्या एप्रिलमध्ये त्यांची सायगॉनचे सहायक आर्चबिशप म्हणून नेमणूक झाली. थोड्याच दिवसांत तेथे साम्यवादी राजवट आली. त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, त्यांना अटक झाली. त्यांच्यावर कधी खटला चालला नाही. ते तेरा वर्षे बंदिवासात होते आणि त्यांपैकी नऊ वर्षे एकान्तवासात होते. बायबल त्यांच्याजवळ नव्हते. तेव्हा त्यांनी मिळतील ते कागदाचे तुकडे जमविले, त्यांची एक चिमुकली वही केली आणि शुभवर्तमानातील जी वचने आठवली ती त्यात लिहून काढली. ती तीनशेहून अधिक भरली. तीच वही त्यांचे रोजचे बायबल झाली. तळहातावर द्राक्षारसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब घेऊन ते मिस्सा अर्पण करीत. २१ नोव्हेंबर १९८८ रोजी त्यांची सुटका झाली. २००१ साली ते कार्डिनल झाले, २००२ साली देवाघरी गेले आणि २०१७ साली ख्रिस्तसभेने त्यांना 'पूजनीय' म्हणून घोषित केले.

वाचकहो, त्या तुरुंगाच्या दारात त्यांची झडती झाली असेल. त्यांच्याजवळचे सर्व काही काढून घेण्यात आले. परंतु ती तीनशे वचने कोणत्याही शिपायाच्या हाती लागली नाहीत. आपल्यावर तुरुंगात जाण्याची पाळी येईल असे नव्हे. परंतु म्हातारपणी दृष्टी मंदावणे, दवाखान्याच्या खाटेवर रात्र रात्र जागे राहणे, परगावी किंवा परदेशात नोकरीनिमित्त एकटे पडणे, हे तुरुंग आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला येतात. त्या वेळी आपल्याजवळ काय असेल? जे आज आपण साठवू तेच.

पोपटपंचीचा आक्षेप

येथे एक आक्षेप निघतो, आणि तो विचार करण्याजोगा आहे. नुसते पाठ करण्यात काय अर्थ? पोपटही बोलतो. प्रभू येशूनेच डोंगरावरील प्रवचनात पुष्कळ शब्दांच्या पोकळ बडबडीविरुद्ध इशारा दिला नाही काय?

हा आक्षेप खरा आहे. किंबहुना शुभवर्तमानात याहूनही भयंकर उदाहरण आहे. अरण्यात प्रभूची परीक्षा झाली तेव्हा सैतानाने त्याला एक्याण्णवावे स्तोत्र म्हणून दाखविले. सैतानाचेही पाठांतर पक्के होते! परंतु त्याने ते वचन दुसऱ्याला पाडण्यासाठी वापरले. प्रभूने प्रत्येक वेळी अनुवादाच्या ग्रंथातील एकेक वचन उच्चारून त्याला उत्तर दिले. प्रभूने ती वचने स्वतःवर लागू केली. तो स्वतः त्या वचनांखाली उभा राहिला. भेद येथे आहे. जो मनुष्य शेजाऱ्याला टोचण्यासाठी वचन पाठ करतो, बांधाच्या भांडणात किंवा सुनेला बोलताना ते काढतो, त्याचे पाठांतर कोणाच्या पंगतीत बसते ते त्याने ओळखावे. जो ते प्रथम स्वतःला ऐकवितो, त्याच्या ठायी ते फळ देते.

क्रूसावर प्रभूच्या मुखी बाविसाव्या व एकतिसाव्या स्तोत्रांतील शब्द आले. विचार करा, वेदनेच्या त्या घटकेस ते कोठून आले असतील? नाझरेथच्या घरात, सभास्थानात, यात्रेच्या वाटेवर बाळपणापासून ऐकलेले व म्हटलेले ते शब्द होते. आणि ते त्याच्यापुढे प्रथम कोणी म्हटले असतील? पवित्र मरियेविषयी संत लूक दोन वेळा सांगतात की, घडलेल्या सर्व गोष्टी तिने अंतःकरणात जपून ठेवल्या. तिचे स्तुतिगीत जुन्या करारातील हन्नेच्या गीताशी ताडून पाहावे. एका आईचे शब्द दुसरीच्या हृदयात कसे मुरले होते ते दिसेल.

तेव्हा पोपटपंचीवर उपाय पाठांतर सोडणे हा नव्हे. बियाणे कोठारात पडून राहिले तर ते पेरावे. कोठार जाळू नये. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने दैवी प्रकटीकरणावरील आपल्या लेखात सर्व भाविकांना शास्त्रवाचनाचा आग्रह केला आणि वाचनास प्रार्थनेची जोड असावी असे सांगितले. २०१० साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 'प्रभूचे वचन' या विषयावरील आपल्या पत्रात जुन्या चार पायऱ्यांची आठवण देऊन, हे मनन कृतीत उतरल्याशिवाय पूर्ण होत नाही, असे बजाविले आहे.

माझा स्वतःचा फसलेला प्रयत्न

त्या आषाढातील रात्रीनंतर मी निश्चय केला की आता स्तोत्रे पाठ करावयाची. मोठ्या हौसेने एका आठवड्यात पाच स्तोत्रे घोकली. शनिवारी ती मला घडाघडा येत होती. महिनाभराने पाहतो तो एकही धड येईना. मी खट्टू झालो आणि वयाला दोष दिला. परंतु दोष वयाचा नव्हता, रीतीचा होता.

हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन विद्वानाने १८८५ साली स्मृतीवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने निरर्थक अक्षरांच्या ओळी स्वतः पाठ करून किती विसरले जाते ते मोजले. त्याला असे आढळले की, पाठ केलेले पहिल्या काही तासांतच झपाट्याने निसटते, मग विसरण्याचा वेग मंदावतो. दुसरे असे की, एकाच बैठकीत ६८ वेळा घोकून जे साधले, तेच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनी साधले. २००६ साली अमेरिकेतील दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. ज्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, ते पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढे होते. परंतु आठवड्यानंतर, ज्यांनी पुस्तक मिटून आठवण्याचा प्रयत्न केला होता त्यांना सुमारे ५६ टक्के मजकूर आठवला. नुसते पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के.

याचा अर्थ काय? थोडे घ्यावे, रोज घ्यावे, पुस्तक मिटून आठवावे, आणि आवर्तनांमधील अंतर हळूहळू वाढवावे. आमच्या आजीने हे कोणत्याही ग्रंथात वाचले नव्हते. रोज तेर्सानंतर एकदा, तांदूळ निवडताना एकदा, आणि हाती पुस्तक नाहीच! विद्वानांनी प्रयोगाने जे सिद्ध केले, ते तिच्या स्वयंपाकघरात अगोदरच चालू होते.

घरासाठी एक साधी रीत

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. प्रारंभ मेंढपाळाच्या स्तोत्राने, म्हणजे तेविसाव्या स्तोत्राने करावा. (जुन्या लॅटिन क्रमानुसार छापलेल्या पुस्तकांत ते बाविसावे आहे, गोंधळू नये.) त्यात सहा वचने आहेत, आणि प्रायश्चित्तकाळात झावळ्यांच्या रविवारासह सहा रविवार येतात. दर रविवारी एक वचन घेतले तर पवित्र सप्ताहाच्या उंबरठ्यावर सारे घर ते स्तोत्र म्हणू लागेल.

रविवारी सायंकाळच्या प्रार्थनेनंतर घरातील ज्याला वाचता येते त्याने नवे वचन सावकाश तीन वेळा वाचावे. पुस्तक एकच असावे. दर वेळी वेगळे भाषांतर घेतले तर शब्द एकमेकांत गुंततात. मग पुस्तक मिटून सर्वांनी एकत्र म्हणावे. चुकले तर हसू नये, रागावू नये. पुस्तक उघडून पुन्हा पाहावे. सोमवारपासून शनिवारपर्यंत सकाळी एकदा व सायंकाळी एकदा तेच वचन मागील वचनांसह म्हणावे. पूर्ण झालेले स्तोत्र पुढे एक महिना आठवड्यातून एकदा म्हणावे, नंतर महिन्यातून एकदा. मुले आईवडिलांपेक्षा लवकर शिकतील. शिकू द्यावे, त्यांनी वडिलांना शिकविण्यात कमीपणा नाही.

मनन मात्र प्रत्येकाने आपापल्या कामात करावे. भात लावताना, भांडी घासताना, बसची वाट पाहताना ते एक वचन घुमू द्यावे. एखाद्या दिवशी त्यातील एकच शब्द अडून बसेल. तेथे थांबावे. तो शब्द माझ्याविषयी काय सांगतो, हे प्रभूला विचारावे. कोणाची क्षमा मागावयाची आहे, कोणाचे देणे फेडावयाचे आहे, हे त्या वेळी आठवले तर ते त्याच दिवशी करावे. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात इस्राएलच्या लोकांना सांगितलेली रीत हीच आहे: घरी बसता, वाटेने चालता, निजता व उठता मुलांपुढे वचन बोलत राहावे.

एक स्तोत्र झाले म्हणजे एकशे एकविसावे घ्यावे. प्रवासाला निघणाऱ्या माणसाचे ते स्तोत्र आहे. मग पश्चात्तापाचे एकशे तिसावे. त्यानंतर संत मत्तयच्या पाचव्या अध्यायातील धन्यवचने, संत लूकच्या पहिल्या अध्यायातील मरियेचे स्तुतिगीत आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय, जो प्रत्येक विवाहित दांपत्याने तरी मुखोद्गत ठेवावा. घाई करू नये. वर्षात आठवडे बावन्न असतात. आठवड्याला एक वचन म्हटले तरी दहा वर्षांत पाचशे वचने घरात येतात.

आईबापांनो, आपण मुलांसाठी शेत, घर, थोडे दागिने ठेवून जातो. शेताची वाटणी होते, दागिने गहाण पडतात. मुले मुंबईला, पुण्याला, आखाती देशांत निघून जातात आणि घराला कुलूप लागते. परंतु आईच्या आवाजात ऐकलेले स्तोत्र त्यांच्यासोबत जाते, आणि आपण नसताना, एखाद्या अंधाऱ्या रात्री, ते त्यांच्याकडून म्हणून घेते.

ती आजी गेल्या वर्षी देवाघरी गेली. शेवटच्या दिवशी मी तिच्या उशाशी होतो. तिला बोलवत नव्हते. मी पुस्तक पिशवीतून काढलेच नाही. तिच्याच स्तोत्राला मी सुरुवात केली आणि या वेळी तिसऱ्या वचनावर अडखळलो नाही. तिचे ओठ हलत होते. आम्ही दोघांनी मिळून ते शेवटपर्यंत म्हटले.

येत्या रविवारी आपल्या घरीही पहिले वचन सुरू होवो. प्रभूचे वचन आपल्या ओठांवर, आपल्या हृदयात आणि आपल्या हातांच्या कामात वसो, ही आपल्या या सेवकाची प्रार्थना.